बीदर: तटाच्या बाहेरून आत

सोलापूरच्या एका गृहस्थांनी विचारले आहे की, शनिवार-रविवार अशा दोन दिवसांत स्वतःच्या गाडीने बीदरला जायचे आहे. सोबत सत्तरी ओलांडलेले आईवडील, पत्नी आणि आठवीत शिकणारी मुलगी आहे. आईला गुडघ्यांचा त्रास आहे. त्यांनी आखलेली यादी अशी: पहिल्या दिवशी नळदुर्ग, बसवकल्याण आणि बीदरचा किल्ला, दुसऱ्या दिवशी नरसिंह झरणी, गुरुद्वारा, कलबुर्गी आणि वेळ उरल्यास विजयपूर करून परत. किल्ला पाहायला किती तास लागतात, वाटाड्या घ्यावा का, आणि मुळात एवढ्या लांब जाण्याजोगे तेथे काही आहे का, हे त्यांचे तीन प्रश्न आहेत. सोलापुरातून बीदर, कलबुर्गी आणि विजयपूरकडे इतिहासाच्या सहली घेऊन जाण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे, त्या आधारावर थोडे विस्ताराने लिहितो.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: जाण्याजोगे निश्चित आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र तासांत देता येत नाही, कारण त्यात एक गृहीत दडलेले आहे. बीदर म्हणजे एक किल्ला आणि त्याच्या आसपास विखुरलेली काही ठिकाणे, असे मानून ही यादी तयार झालेली दिसते. प्रत्यक्षात बीदर ही तटबंदीतली एक सबंध मध्ययुगीन नगरी आहे. तिचा किल्ला, त्याला लागून असलेले तटाच्या आतले गाव, गावाच्या वेशी, वेशींबाहेरची राजांची दफनस्थळे आणि या सर्वांना पाणी पुरवणारी भोवतालची जमीन हे सगळे आजही एकमेकांच्या संबंधात पाहता येते. दख्खनमध्ये हे इतक्या सलगपणे फार थोड्या ठिकाणी उरले आहे. त्यामुळे काय काय पाहावे यापेक्षा कोणत्या क्रमाने पाहावे आणि काय सोडावे, हाच तुमचा खरा प्रश्न आहे असे मला वाटते. माझे मत स्पष्ट आहे: बाहेरून आत यावे, आणि यादीतील निम्मी नावे खोडावीत.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुम्ही एप्रिल-मे महिन्यांत जाणार असाल तर सकाळी अकरा ते दुपारी चार हा वेळ उघड्यावरच्या कोणत्याही पाहण्यासाठी हिशेबात धरू नका. बीदर सोलापूरपेक्षा दोनेकशे मीटर उंचीवर असल्याने तेथील संध्याकाळ सुखाची असते, परंतु दुपारचे ऊन आपल्याकडच्यासारखेच असते. पावसाळ्यात सगळा परिसर हिरवा आणि फार देखणा होतो, मात्र पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि गुडघेदुखी असलेल्या माणसाला ते धोक्याचे ठरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ तुमच्या कुटुंबासाठी सर्वांत योग्य होय. किल्ल्यातील काही इमारती सरसकट उघड्या नसतात. त्या पाहायला मिळतील की नाही हे त्या दिवशी हजर असलेल्या कर्मचाऱ्यांवर अवलंबून राहते. जाण्याच्या बेतात एवढी लवचिकता ठेवावी लागते.

आता बाहेरून आत का, त्याचे कारण. आपण सोलापूरकर काळ्या दगडाच्या प्रदेशातील माणसे आहोत. जांभा दगड म्हटला की आपल्याला कोकण आठवते. बीदरला पोहोचल्यावर जमीन एकाएकी लाल होते, कारण काळ्या पाषाणाच्या थरावर जांभ्याचे जाड टोपण बसून तेथील पठार झालेले आहे, आणि त्या पठाराच्या कडेला हे शहर वसवलेले आहे. या जांभ्याचे दोन गुण लक्षात ठेवले की बीदरमधील जवळजवळ प्रत्येक गोष्टीचा उलगडा होतो. जांभा जमिनीतून ताजा काढताना मऊ असतो आणि हवा लागल्यावर कठीण होतो. म्हणून येथे खडकातच खोल खंदक कोरणे शक्य झाले आणि निघालेल्या दगडाने तट उभे राहिले. दुसरे असे की हा दगड सच्छिद्र आहे. पावसाचे पाणी त्यातून झिरपत खाली जाते, खालच्या चिकण थराला आणि काळ्या पाषाणाला अडते, आणि पठाराच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. गुरुद्वाऱ्याचा झिरा, नरसिंह झरणी आणि पापनाश शिवमंदिर येथील पाणी, ही तिन्ही वेगवेगळ्या धर्मपरंपरांची स्थाने याच एका भूगर्भीय कारणाने तेथे आहेत. अहमदशहा वली बहमनीने १४२० च्या दशकात कलबुर्गीहून राजधानी येथे हलवली, त्यामागे राजकीय कारणे होतीच. पण पठाराच्या टोकावरची संरक्षित जागा आणि तेथील पाणी यांचा विचार त्याने केला नसेल असे मानणे कठीण आहे.

म्हणून पहिल्या दिवशी शहरात शिरण्यापूर्वी पूर्वेकडे अष्टूरला जावे. सोलापूरहून बीदर सुमारे दोनशे किलोमीटर आहे. हैदराबादच्या महामार्गाने नळदुर्ग, उमरगा करीत हुमनाबादपर्यंत आणि तेथून डावीकडे वळून बीदर. पहाटे साडेपाचला निघालात तर वाटेत चहा-नाश्ता धरूनही दहा-साडेदहापर्यंत पोहोचता येते. आईवडील श्रद्धाळू असतील तर हुमनाबादजवळ माणिकनगर येथे माणिकप्रभूंच्या समाधीचे दर्शन घेऊन पाय मोकळे करावेत. तेथे मराठी माणसाला परके वाटत नाही. नळदुर्ग मात्र जाताना अजिबात करू नका. सकाळचे ताजे दोन तास तेथे गेले की पुढचा सगळा दिवस घसरतो.

अष्टूर हे शहरापासून तीनेक किलोमीटरवरचे गाव. शेतांच्या मधून रस्ता जातो, आणि तुरीच्या किंवा सोयाबीनच्या रानामागे एका ओळीत मोठमोठे घुमट दिसू लागतात. ही बहमनी सुलतानांची थडगी. येथे नुसते फोटो काढून परत फिरू नये. ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालावे. अहमदशहा वली आणि त्याचा मुलगा अलाउद्दीन यांच्या इमारती भव्य आहेत. पुढे हुमायून या बहमनी सुलतानाचा घुमट वीज पडून दुभंगलेला आहे, आणि त्याची अर्धी कवची अजून उभी असल्याने एवढा मोठा घुमट आतून कसा रचतात हे आपोआप समजते. वास्तुशास्त्र शिकणारी मुले याच भग्न इमारतीपाशी सर्वांत जास्त वेळ थांबतात. नंतरच्या सुलतानांपैकी काहींच्या इमारती अपुऱ्या राहिल्या, आणि अगदी शेवटच्या, नावापुरत्या राजांच्या वाट्याला लहानशी बांधकामे आली. राजवटीची चढण आणि उतरण समजावून सांगण्यासाठी याहून चांगला तक्ता कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. आठवीतल्या मुलीला तारखा न सांगता फक्त विचारा की कोणता राजा बलवान होता. ती बरोबर सांगेल.

अहमदशहा वलीचे थडगे मात्र आत जाऊन पाहायचे आहे. हा राजा १४३६ मध्ये वारला. बाहेरून इमारत साधी वाटते. आत पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा काहीच दिसत नाही. डोळे सरावायला पाच मिनिटे द्यावीत. मग भिंतींवर आणि घुमटाच्या पोटात शेंदरी, निळा आणि सोनेरी रंग उजळू लागतो. वेलबुट्टी, आणि तिच्यातून फिरणाऱ्या अक्षरांच्या पट्ट्या दिसू लागतात. इराणातील किरमानचे सूफी शाह नियामतुल्ला यांच्या परंपरेची वंशावळ त्या अक्षरांत आहे. राखणदार असला तर तो कधी कधी दारातून आरशाने कवडसा आत टाकतो आणि तो ठिपका भिंतीवरून हळूहळू वर नेतो. असे दाखवणारा भेटला तर घाई करू नका, आणि निघताना त्याच्या हातावर काही ठेवण्यास विसरू नका. मोबाइलचा झगझगीत दिवा भिंतीजवळ नेऊन रंगांवर रोखू नये. ही जागा लोकांच्या श्रद्धेची आहे, त्यामुळे पादत्राणे बाहेर काढावी लागतात. उन्हाळ्यात फरशी तापते म्हणून आईवडिलांसाठी जाड मोजे जवळ असू द्यावेत.

येथेच एक गोष्ट सोलापूरच्या माणसाला विशेष भावते. या सुलतानाचा उरूस होळीनंतर हिंदू पंचांगाच्या हिशेबाने भरतो, आणि त्यात कलबुर्गी जिल्ह्यातील माड्याळचे जंगम, म्हणजे लिंगायत पुरोहित, शंख वाजवीत, अनुयायांसह येऊन मानाने सहभागी होतात. लिंगायत भाविकांपैकी अनेक जण या सुलतानाला लिंगायत संत अल्लमप्रभूंचे रूप मानतात. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या गावातून गेलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

अष्टूरहून शहराकडे परतताना रस्त्यालगतच चौखंडी लागते. शाह नियामतुल्ला यांचे पुत्र खलीलुल्ला यांचे हे स्मारक. बाहेरून अष्टकोनी, दुमजली कमानींचे आणि वर छत नसलेले. दाराच्या वर काळ्या दगडात कोरलेली अक्षरे इतकी सफाईदार आहेत की अरबी लिपी न कळणाराही थबकतो. पायऱ्या थोड्या आहेत. आईंना वर जाणे नको वाटले तर खालूनही हे दार नीट दिसते. यानंतर जेवण आणि दुपारची विश्रांती. जेवणाबाबत मी फार आग्रही नाही. बीदरमध्ये शाकाहारी आणि मांसाहारी दोन्ही प्रकारचे चांगले जेवण मिळते. तरीही कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बरोबर असली तर दुपारचा एक तास वाचतो, आणि हिवाळ्याच्या लहान दिवसात तो तास मोलाचा असतो.

चारनंतर शहराच्या पश्चिमेला बरीदशाही थडग्यांच्या बागेत जावे. बहमनी सत्ता खिळखिळी झाल्यावर बीदर त्यांच्याच वजिरांच्या, म्हणजे बरीद घराण्याच्या हाती गेले. अली बरीदने १५७७ मध्ये स्वतःच्या हयातीतच बांधून घेतलेले थडगे चारही बाजूंनी उघडे आहे, त्यामुळे उतरते ऊन आरपार जाते आणि आतल्या रंगीत फरश्यांच्या पट्ट्या उजळतात. अष्टूरच्या अंधाऱ्या चित्रांनंतर त्याच दिवशी हे मोकळे, वाऱ्याने भरलेले थडगे पाहिले म्हणजे दोन राजवटींच्या अभिरुचीतला फरक बोलून दाखवण्याची गरज उरत नाही. जागा सपाट आणि बागेची असल्याने वडीलधाऱ्यांना येथे बसता येते.

संध्याकाळी तटाच्या आत या. गाडी शक्यतो बाहेर लावा, कारण आतले रस्ते अरुंद आहेत आणि गर्दीत चालकाचा जीव मेटाकुटीला येतो. शहागंज, मंगलपेठ, फतेह, दुल्हन, तलघाट अशी वेशींची नावे आजही रोजच्या बोलण्यात आहेत. त्यांपैकी एका वेशीपाशी थांबून तिचा दरवाजा सरळ का नाही, आत शिरताना वळण का घ्यावे लागते, हे मुलीला दाखवावे. हत्तीला किंवा घोडदळाला धाव घेऊन धडक देता येऊ नये हा त्यामागचा हेतू. गावाचा तट बरीदशाहीच्या काळात बांधला गेला. तटावरून सलग चालत जाण्याची कल्पना अनेकांच्या मनात असते, पण मी ती सुचवत नाही: मध्ये मध्ये तट ढासळलेला आहे, काटेरी झुडपे माजलेली आहेत आणि काही भाग लोकांच्या घरांच्या परसात गेले आहेत. तट बाहेरून पाहावा, वेशीतून आत यावे, आणि चालायचे ते बाजारपेठेतून.

गावाच्या मध्यभागी चौबारा नावाचा गोल, उंच बुरूज आहे. सुमारे ७१ फूट उंचीचा हा मनोरा टेहळणीसाठी होता, आणि शहराचे दोन मुख्य रस्ते येथे एकमेकांना छेदतात. येथून किल्ल्याकडे जाणारा रस्ता हा बीदरचा कणा आहे. त्यावर डाव्या-उजव्या हाताला काय आहे ते पाहत पंधरा-वीस मिनिटे चालले की बहमनी वजीर महमूद गवानचा मदरसा, मग तख्त-ए-किरमाणीची नक्षीदार कमान आणि शेवटी किल्ल्याचा खंदक, असा सगळा क्रम कळतो. आईंना एवढे चालणे नको असेल तर रिक्षा मिळते. चौबाऱ्यापाशी उतरून परत बसले तरी चालेल. बाजारात कन्नड, दखनी उर्दू आणि तेलुगू कानावर पडते, आणि तुमचे मराठी बहुतेकांना समजते. भालकी, औराद आणि बसवकल्याण भागात मराठी घरोघर बोलली जाते, त्यामुळे बीदरच्या दुकानदारांना ती परकी नाही.

याच फेरीत बिदरी कामाच्या एखाद्या कारखान्यात जाऊन बसावे. खरेदी करायची नसेल तरी हरकत नाही, पण तसे आधी स्पष्ट सांगावे. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेली वस्तू प्रथम मोरचुदाने काळपट करतात, म्हणजे तीवर कोरणीची रेघ उठून दिसते. मग पोलादी टोकाने हातानेच नक्षी कोरून त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात आणि वस्तू घासून गुळगुळीत करतात. या क्षणी चांदी आणि जस्त जवळजवळ एकाच रंगाचे दिसतात आणि केलेली सगळी मेहनत वाया गेल्यासारखी वाटते. नंतर किल्ल्याच्या जुन्या बांधकामाच्या आतून, जेथे ऊनपाऊस पोहोचलेला नाही अशा ठिकाणाहून आणलेली माती नवसागराबरोबर पाण्यात उकळतात आणि ती वस्तूला लावतात. जस्ताचा भाग डोळ्यांदेखत काळाभोर होतो, चांदी मात्र पांढरीशुभ्र राहते. माती योग्य आहे की नाही हे जाणते कारागीर जिभेवर ठेवून ठरवतात. या कलेसाठी बीदरच्या शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री देण्यात आली. घ्यायचीच असेल तर एखादी लहान डबी घ्या, पण कोरीव रेघ जवळून पाहून घ्या. छापील नक्षीचा भ्रम निर्माण करणाऱ्या स्वस्त वस्तू आता सगळीकडे मिळतात.

दुसऱ्या दिवशी किल्ला, आणि तोही सकाळी उघडताच. गावाच्या बाजूने किल्ल्याला एकापुढे एक असे तिहेरी खंदक आहेत. ते बांधलेले नाहीत. जांभा खोदून काढताना मध्ये खडकाच्याच भिंती राखून ठेवल्या आहेत. पुलावर गाडी न थांबवता पुढे जाणारे पुष्कळ असतात. तेथे उतरून खाली पाहावे, कारण दगडाचा स्वभाव ओळखून काम करणे म्हणजे काय ते त्या पुलावरून एका नजरेत दिसते. शर्झा दरवाजावर कोरलेले दोन वाघ, त्यानंतर गुंबद दरवाजा, आणि आत गेल्यावर रंगीन महाल, सोळा खांबांची मशीद, लाल बाग आणि जुन्या हमामात मांडलेले वस्तुसंग्रहालय हे सगळे एकमेकांच्या जवळ आणि बऱ्याच अंशी सपाटीवर आहे. आईंसाठी एवढा भाग पुरेसा आहे. वाहन किती आत नेऊ देतात हे त्या दिवसाच्या बंदोबस्तावर ठरते. वयस्क माणूस सोबत आहे असे नम्रपणे सांगितल्यास सहसा विचार होतो.

रंगीन महालाला बहुतेक वेळा कुलूप असते. वस्तुसंग्रहालयाच्या कार्यालयात जाऊन विनंती करावी. कोणी मोकळे असेल तर किल्ली घेऊन येते. आत काळ्याभोर दगडात शिंपल्याचे तुकडे जडवलेले आहेत, आणि कोरलेले लाकडी खांब आहेत. आदल्या संध्याकाळी बिदरी काम पाहिलेल्या माणसाला येथे एकदम काहीतरी उमगते: काळ्या पृष्ठभागावर चमकणारी पांढरी रेघ ही या शहराची आवडच आहे, धातूत असो की दगडात. कारखाना आधी आणि महाल नंतर, असा क्रम मी आवर्जून सांगतो तो यासाठी. सोळा खांबांच्या मशिदीचा शिलालेख १४२३-२४ च्या सुमाराचा आहे, म्हणजे राजधानी येथे येण्याच्या अगदी उंबरठ्यावरचा. ही मशीद बीदरच्या सर्वांत जुन्या मुस्लिम वास्तूंपैकी एक होय.

तुम्ही, पत्नी आणि मुलीने पुढे दिवाण-ए-आम आणि तख्त महालापर्यंत जावे. तख्त महालाच्या कमानीवर रंगीत फरशीत केलेले वाघ आणि सूर्याचे चिन्ह अजून थोडे शिल्लक आहे. आईंना शक्य असेल तर दिवाण-ए-आमपर्यंत तरी न्यावे, आणि त्यामागे माझा एक हेतू आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपल्या जिल्ह्यातल्या वडीलधाऱ्या माणसांना तोंडपाठ असते: दुष्काळात त्यांनी बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी उघडली, बोलावणे आले, आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात दरबारात जाऊन सगळी रक्कम भरली. कथेतला दरबार कोणत्या इमारतीत भरला असे बोट ठेवून कोणी दाखवू शकत नाही, आणि तसा दावा करणाऱ्यावर विश्वासही ठेवू नये. पण ज्या बेदरचे नाव आजीने कीर्तनात ऐकले ते गाव हेच, आणि मंगळवेढ्याचा हिशेब येथे द्यावा लागत असे, एवढे नातीला कळले तरी बहमनी सत्तेचा विस्तार किती होता ते नकाशाशिवाय समजते. ही गोष्ट आजीने सांगावी. वाटाड्याला ती बहुधा येत नसते.

किल्ल्यातून दहाच्या आसपास बाहेर पडून मदरसा पाहावा. त्याचे तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे रंगीत फरश्यांवर सकाळचेच ऊन हवे. दुपारी तोच दर्शनी भाग सावलीत जाऊन निस्तेज दिसतो. इराणातील गीलानहून आलेल्या महमूद गवानने हा १४७२ मध्ये बांधला. तीन मजली, मध्ये चौक, भोवती विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या खोल्या, आणि ग्रंथालय. पुढे औरंगजेबाच्या काळात, १६९६ च्या सुमारास, आत साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन दर्शनी भागाचा मोठा हिस्सा आणि एक मनोरा नाहीसा झाला. उरलेल्या मनोऱ्याच्या निळ्या-पांढऱ्या फरश्यांच्या तुकड्यांवरून मूळ इमारत किती झळाळत असेल याचा अंदाज येतो. बनावट पत्राच्या आधारे या कर्तबगार वजिराला १४८१ मध्ये सुलतानाने ठार करवले, आणि त्यानंतर दहा-बारा वर्षांतच बहमनी राज्याचे तुकडे पडू लागले. पुढे शंभर वर्षे आपले सोलापूर निजामशाही आणि आदिलशाही यांच्या ओढाताणीत सापडले, त्या सगळ्या इतिहासाची सुरुवात या वजिराच्या मृत्यूपासून होते असे म्हणण्यास हरकत नाही. त्याची कबर शहराच्या दक्षिणेस गोरनळ्ळी गावाजवळ अगदी साधी आहे. वेळ उरल्यास जावे, नाहीतर राहू द्यावे.

आता खोडायच्या नावांकडे येतो. नरसिंह झरणी तुमच्या कुटुंबासाठी नको. तेथे लांब, अंधाऱ्या भुयारातून छातीभर पाण्यातून चालत जाऊन दर्शन घ्यावे लागते, गर्दीत हवा कोंडते, आणि मधूनच प्रवेश बंदही असतो. वडिलांची फार इच्छा असेल तर बाहेरून नमस्कार करून यावे. गुरुद्वारा मात्र यादीत ठेवा: नानक झिरा साहिब येथील गोड पाण्याचा झरा, स्वच्छ परिसर आणि लंगर यांमुळे दुसऱ्या दिवशीचे दुपारचे जेवण तेथेच उरकता येते. डोक्यावर रुमाल हवा. खालसा पंथाच्या पंचप्याऱ्यांपैकी, म्हणजे पहिल्या पाच दीक्षितांपैकी, भाई साहिबसिंग बीदरचे होते, हेही मुलीला सांगावे. नौबादजवळचा करेझ, म्हणजे जांभ्यातून कोरलेला भूमिगत कालवा आणि त्यावरची हवेची विवरे, मला स्वतःला फार प्रिय आहे. पण त्यात उतरण्याचा आग्रह धरू नये. वरून एखादे विवर पाहिले तरी पाण्याचा विषय पूर्ण होतो.

कलबुर्गी आणि विजयपूर ही दोन्ही शहरे सोलापूरहून एकेका दिवसात, रेल्वेने किंवा रस्त्याने, स्वतंत्रपणे होतात. बीदरला जोडून ती केली तर तीन राजधान्यांचे घुमट मनात एकमेकांत मिसळतात आणि घरी आल्यावर कोणता कुठला ते आठवत नाही. बसवकल्याणसाठी वेगळा दिवस काढावा, कारण बसवण्णांच्या अनुभव मंटपाची, म्हणजे धर्मचर्चेच्या सभेची, परंपरा, चालुक्यांची राजधानी आणि किल्ला असा तो स्वतंत्र विषय आहे, आणि जवळच्या नारायणपूरचे आणि हुमनाबादकडच्या जलसंगवीचे मंदिर त्याबरोबरच पाहावे. नळदुर्ग मात्र परतीच्या वाटेवर, दुसऱ्या दिवशी दुपारी एकला बीदर सोडलेत तर चार-साडेचारला गाठता येतो. बोरी नदीवर घातलेला बांध आणि त्याच्या पोटातला पाणी महाल एवढेच पाहून अंधार पडायच्या आत निघावे. आई दमल्या असतील तर तेही सोडा. नळदुर्ग घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे, कोणत्याही रविवारी परत जाता येईल, आणि पावसाळ्यात बांधावरून नर-मादी धबधबे वाहत असताना गेलेले बरेच बरे.

वाटाड्या घ्यावा का, हा प्रश्न राहिला. अष्टूरला आणि गावात गरज नाही. किल्ल्यात, कुलूपबंद इमारती उघडून मिळण्यासाठी आणि पसरलेल्या परिसरात आईंची पायपीट वाचवण्यासाठी, स्थानिक माणूस उपयोगी पडतो. पैसे आणि वेळ आधी ठरवावेत, आणि त्याला पहिलेच वाक्य हे सांगावे की आम्हाला रंगीन महाल, सोळा खांबांची मशीद आणि दिवाण-ए-आम एवढेच, पण सावकाश पाहायचे आहे. नाहीतर खजिना, भुयार आणि फाशीची जागा यांच्या गोष्टींत सकाळ निघून जाते. मुक्काम शहरात नव्या वस्तीकडे घ्यावा, तळमजल्यावरची खोली मागावी, आणि सुट्टीच्या दिवसांत आधी नोंदणी करावी. शुक्रवारी संग्रहालयाला सुट्टी असण्याची शक्यता असते. तुमचे दिवस शनिवार-रविवार असल्याने ती अडचण नाही, मात्र रविवारी किल्ल्यात गर्दी वाढते, म्हणून दुसऱ्या दिवशी साडेआठच्या पुढे किल्ल्याच्या दारात पोहोचू नका.

आणि जाण्याच्या आधीच्या एखाद्या संध्याकाळी मुलीला घेऊन आपल्या भुईकोट किल्ल्यात तासभर चक्कर मारून या. दुहेरी तट, खंदक आणि वळणाचा दरवाजा तिने काळ्या दगडात एकदा पाहिलेला असला की बीदरच्या पुलावर उभी राहून ती स्वतःच प्रश्न विचारू लागेल.